बिनबाकांचा वर्ग

पलसाणा हे नाव आजच्या बडोदेकराच्या कानांवरून सहसा जात नाही. मोटारीने मुंबईस जाणाऱ्याला कडोदरा मागे टाकल्यावर एक पाटी दिसते, कापड रंगवणाऱ्या गिरण्यांच्या चिमण्या दिसतात, आणि गाव केव्हा गेले ते कळतही नाही. परंतु जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांना हे नाव परके वाटणार नाही. गणदेवी, महुवा, कामरेज, व्यारा, सोनगड यांच्या पंगतीत पलसाणा हाही आपल्या नवसारी प्रांतातील एक महाल होता. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत तेथल्या वहिवाटदाराची नेमणूक बडोद्याहूनच होत असे. आपल्यांपैकी कित्येकांच्या आजा-पणजांनी त्या मुलखात वहिवाटदारी, फौजदारी किंवा मास्तरकी केली आहे. व्यारा-सोनगडच्या बदलीची तर हिवतापामुळे धास्तीच असे. पलसाणा त्या मानाने बरे. जमीन काळी, पाणी मुबलक.

आता त्या काळ्या जमिनीत ऊस आहे, चलथाणला साखर कारखाना आहे, आणि मुंबई–अहमदाबाद रस्ता व हजिऱ्याहून बारडोलीवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदत असल्यामुळे रात्रंदिवस मालमोटारींची रहदारी आहे. मास्तरकीच्याच पोटी मीही या गावी येऊन पडलो. त्या भागातील एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. घर बडोद्यास, नोकरी इकडे, म्हणून पलसाण्यात एक खोली भाड्याने घेतली होती. शनिवारी बडोद्यास जावे, सोमवारी पहाटे परतावे, असा क्रम होता.

१६ मार्च २०२० पासून गुजरातेतील शाळा-महाविद्यालये बंद झाली. विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षकांना मात्र हजेरी. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली. मी खोलीत होतो, तो खोलीतच राहिलो. बडोदे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांवर, पण त्या दिवसांत ते विलायतेइतके लांब झाले.

साथीमुळे शाळा बंद होणे आपल्याला नवे नाही. गेल्याच्या गेल्या शतकाअखेरीस प्लेग आला तेव्हाच्या गोष्टी आपण घरोघर ऐकल्या आहेत. सुरतेत तर सप्टेंबर १९९४ मध्येही प्लेगची साथ उठली आणि लक्षावधी माणसे शहर सोडून गेली. पण तेव्हा शाळा बंद म्हणजे बंद! सगळ्यांचीच बंद. साथ ओसरली की सगळे पुन्हा एकाच पाठापासून आरंभ करीत. या खेपेस तसे झाले नाही. इमारत बंद झाली, तास मात्र चालू राहिले. जगातील १९०हून अधिक देशांत शाळा-महाविद्यालये मिटली आणि सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी घरी बसले. त्यांच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी काचेच्या एका तुकड्यात डोकावून शिकावे, असा हा नवा प्रघात होता.

माझा दिवस असा जाई. पहाटे उठून पाणी भरायचे, चहा करून घ्यायचा आणि सात वाजता वर्ग मांडायला घ्यायचा. ‘मांडायचा’ हा शब्द मुद्दाम वापरतो. स्टीलचे दोन उंच डबे शेजारी ठेवून त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकायची, पट्टीवर मोबाइल असा ठेवायचा की त्याचा डोळा खालच्या कोऱ्या कागदावर रोखला जाईल. मागणीचा वक्र हातवारे करून सांगता येत नाही, तो काढूनच दाखवावा लागतो. पंखा लावला की कागद उडे. बंद केला की घामाचा थेंब कागदावर पडे आणि शाई पसरे. साडेसातला पहिला तास. आरंभी आम्ही झूम वापरत होतो. ते फुकटात चाळीस मिनिटेच चाले. वाक्य अर्धे असतानाच वर्ग नाहीसा होई. १६ एप्रिलला ते सुरक्षित नसल्याचा केंद्रीय गृहखात्याचा इशारा आला, आणि पुढे गूगल मीट सर्वांस मोफत झाल्यावर आम्ही तिकडे वळलो.

घरमालकांच्या वृद्ध मातोश्री, ज्यांना सारे ‘बा’ म्हणतात, त्या पहिले आठ दिवस माझ्याकडे काळजीने पाहत. बंद दारामागे एकटाच माणूस तासन्‌तास बोलतो, मध्येच प्रश्न विचारतो आणि उत्तर न येताच पुढे जातो, याचा अर्थ त्यांना लागेना. अखेर एक दिवस त्यांनी विचारलेच, “साहेब, कोनी साथे वात करो छो?” मी त्यांना मोबाइल दाखवला. काळ्या चौकोनांत पांढरी अक्षरे. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले आणि म्हणाल्या, “आमां तो कोई नथी.”

बांचे म्हणणे बरेचसे खरे होते. चेहरे दिसत नसत, कारण मीच मुलांना चित्र बंद ठेवायला सांगितले होते. त्या वेळच्या साध्या योजनेत दिवसाला दीड जीबी नेट मिळे. चित्र चालू ठेवून तीन-चार तास शिकायचे म्हटले तर ते दुपारच्या आतच संपून जाई. मग भावा-बहिणीने काय करावे? म्हणून चित्र बंद, आवाज बंद, एकटा मी चालू. ‘मारो अवाज आवे छे?’ हे वाक्य मी त्या वर्षात जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा दुसरे कोणतेही उच्चारले नसेल.

शिक्षकाचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना याचे मर्म कळेल. फळ्यावर लिहिताना पाठ वर्गाकडे असली तरी मागे कोणाला समजले आणि कोणाला नाही हे आपल्याला कळत असते. तिसऱ्या बाकावरची मुलगी लिहिता लिहिता थांबली, की उदाहरण बदलायचे. खिडकीजवळचा मुलगा बाहेर पाहू लागला, की त्यालाच प्रश्न टाकायचा. विनोद केल्यावर हसू आले तर बरे. न आले तर निदान न आल्याचे तरी कळते. मोबाइलच्या वर्गात विनोद करून झाला की शांतता पसरे, आणि ती कंटाळ्याची, नेट तुटल्याची की कोणीच नसल्याची, याचा उलगडा होत नसे.

म्हणून मी हजेरी जपली. महाविद्यालयास दर तासाच्या उपस्थितीचे छायाचित्र पुरावा म्हणून पाठवावे लागे. माझा उद्देश त्याहून निराळा होता. नाव उच्चारायचे आणि आवाजाची वाट पाहायची. “यस सर” या दोन शब्दांत पुष्कळ ऐकू येते. कोणाच्या मागे कुकरची शिटी, कोणाच्या मागे दूरचित्रवाणीवरील रामायण, कोणाच्या मागे लहान भावंडाचे रडे. एक मुलगी नेहमी कुजबुजल्यासारखी हजेरी देई. रात्रपाळी करून आलेले वडील त्याच खोलीत झोपलेले असत, म्हणून आवाज चढवायचा नाही, एवढेच त्याचे कारण होते.

पटावर साठाच्या वर नावे होती. पहिल्या आठवड्यात चाळीस-पंचेचाळीस आवाज येत. एप्रिल संपता संपता ते वीस-पंचवीसवर आले. सरळ हिशेब सांगणारे म्हणत, मुलांना अभ्यास नको आहे. तसेही काही होते, नाही असे नाही. पण मी न येणाऱ्यांची यादी केली आणि रोज संध्याकाळी तिघा-चौघांना फोन लावू लागलो. तेव्हा जे कळले ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी इतक्या जवळून वाचले नव्हते.

घरात मोबाइल एकच, आणि तो वडिलांच्या खिशात, हे सर्वांत मोठे कारण. गिरण्या हळूहळू सुरू झाल्यावर वडील बारा तासांच्या पाळीस जाताना फोन घेऊन जात. तो रात्री आठनंतर घरी येई. दोन घरांत फोन होता, पण नेट भरण्यास पैसे नव्हते. राज्य सरकारने २०१७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हजार रुपयांत टॅब्लेट देण्याची योजना काढली होती, त्यामुळे काहींकडे यंत्र होते. यंत्राला दाणापाणी मात्र ज्याचे त्याने घालायचे होते. काही मुली अशा, की फोन भावाचा तास संपल्यावर हाती येई. आणि काही मुले सुरतेत राहिलीच नव्हती.

यांत मराठी मुलेही होती. गुजरातेतील मराठी माणसे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपणच येतो; गायकवाडांबरोबर आलेली, वाड्यांत राहिलेली, दरबारात लेखणी चालवलेली. सुरतेतील मराठी वस्ती वेगळी आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे मागांवर आणि गिरण्यांत काम करण्यासाठी येऊन स्थायिक झाली आहेत. सुरत महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. ऊसतोडीसाठी दर हंगामात नंदुरबार-धुळ्याकडचे आणि डांगातले मजूर बारडोली-पलसाण्याच्या शेतांत येतात, ते निराळेच. माझ्या वर्गातला एक मुलगा टाळेबंदीत कुटुंबाबरोबर शहाद्याकडील गावी गेला. तेथे गावाच्या कडेला पाण्याच्या टाकीखाली तेवढे नेट येई. मी त्याच्याशी मराठीत बोललो तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग अहिराणीत भडाभडा बोलू लागला. दोन वर्षे तो माझ्या वर्गात गुजरातीतून शिकला होता. आम्हां दोघांची भाषा एक आहे याचा उपयोग प्रथमच झाला.

त्या यादीतून माझा रात्रीचा वर्ग निघाला. साडेनवाला, जेवणे आटोपून फोन घरी आल्यावर. नेट नको, चित्र नको. साधा फोन लावून एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे पाच जण एका वेळी जोडायचे आणि अर्धा तास शिकवायचे. असे आठवड्यातून चार दिवस. आकृती दाखवता येत नसल्यामुळे ती शब्दांत सांगावी लागे: उभ्या रेघेवर भाव, आडव्या रेघेवर नग, आता डावीकडून उजवीकडे उतरत ये. मुले अंधारात कोठे तरी गच्चीवर, जिन्यात, ओट्यावर बसून वहीत रेघ ओढत.

एका रात्री मी भाव आणि मागणी यांचा संबंध सांगत होतो. भाव उतरला की खप वाढतो, हा पहिलाच नियम. वडील साड्यांच्या छपाईच्या गिरणीत असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, पण आता तर भाव पाडला तरी साडी खपत नाही. लग्नेच नाहीत, गिऱ्हाईक घराबाहेर पडेल तेव्हा ना!” हीच गोष्ट पुस्तकात पुढच्या प्रकरणात येते: भाव बदलल्याने गिऱ्हाईक त्याच वक्रावर खाली-वर होते, परिस्थिती बदलली तर सबंध वक्रच डावीकडे सरकतो. आकृती एकदाही न पाहता तो मुलगा तेथे आपणहून पोहोचला होता. सकाळच्या वर्गात, कागद-पट्टी-डब्यांचा एवढा सरंजाम असूनही, हा मुद्दा मला तीनदा समजावून द्यावा लागला होता.

४ मेचा दिवस मला स्पष्ट आठवतो. नियमित तास संपले होते आणि परीक्षा केव्हा होणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे आम्ही नुसती उजळणी करीत होतो. त्या दिवशी आमच्याच तालुक्यात, कडोदऱ्याजवळ वरेली येथे, गावी पाठवा म्हणून रस्त्यावर उतरलेले मजूर आणि पोलीस यांची चकमक झाली. दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला. श्रमिकांसाठी खास गाड्या नुकत्याच सुटू लागल्या होत्या, पण रांग मोठी होती. त्या दिवशी माझ्या उजळणीचा विषय उत्पादनाचे घटक हा होता: भूमी, श्रम, भांडवल, संयोजन. ‘श्रम’ या शब्दाशी मी पोहोचलो, तेव्हा दोन मुलांनी सांगितले की त्यांचे वडील अजून घरी आलेले नाहीत. तास तेथेच थांबवला. रात्री दोघांचेही निरोप आले. वडील सुखरूप होते.

मग परीक्षेचा प्रश्न आला, आणि हा सारा खेळ गुणपत्रिकेपर्यंत पोहोचला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी सुचवले, की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, परीक्षा घेणे शक्य नसेल तेथे, निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर आणि निम्मे मागील सत्रावर द्यावेत. शेवटच्या वर्षाची परीक्षा मात्र सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे, असे ६ जुलैला ठरले आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. यातील ‘अंतर्गत मूल्यमापन’ म्हणजे आम्ही शिक्षक. ज्याने गृहपाठाची छायाचित्रे पाठवली त्याला गुण. ज्याच्याकडे पाठवायचे साधनच नव्हते त्याच्या नावापुढे कोरी जागा. ही कोरी जागा आळसाची मानायची की गरिबीची?

रात्रीच्या वर्गातील मुलांची मी फोनवरून तोंडी परीक्षा घेतली आणि गुण पाठवले. कचेरीतून विचारणा आली, पुरावा काय? छायाचित्र तर नव्हते. मी प्रत्येक मुलापुढे फोन लावल्याची तारीख, वेळ आणि बोलणे किती मिनिटे चालले ते लिहिलेली वही सादर केली. दोन-तीन पत्रे गेली-आली, आणि अखेर ती मान्य झाली. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

या अनुभवातून मनात एकच गोष्ट राहिली. महाविद्यालयातला बाक ही किती मोठी देणगी आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. गिरणीमालकाचा मुलगा आणि गिरणी-कामगाराचा मुलगा घरून निरनिराळे निघतात, पण वर्गात दोघांना सारखाच बाक, तोच फळा आणि तोच पंखा मिळतो. तेवढे चार तास घरची परिस्थिती दाराबाहेर उभी राहते. मार्च २०२० नंतर आपण प्रत्येक मुलाला सांगितले, की बाक घरून आण. ज्यांच्या घरी होता ते बसले. २०१७–१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील खेड्यांत शंभरांपैकी सुमारे पंधरा आणि शहरांत बेचाळीस घरांतच इंटरनेटची सोय होती. संगणक तर खेड्यांत शंभरांत चार-पाच घरी. म्हणजे बाक नसलेलीच घरे अधिक आहेत, हे साथीच्या आधीच कागदावर होते.

येथे बडोदेकराला महाराजांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, व १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. सक्ती आहे तर फी नाही, हा त्यातला न्याय होता. सोनगडला आदिवासी मुलांसाठी शाळेबरोबर वसतिगृह काढले, कारण अभ्यासाला पुस्तकाइतकीच जागा आणि जेवण लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयखाते उभारले, तेव्हा खेडोपाडी पुस्तके पोहोचवण्यासाठी फिरत्या पेट्या निघाल्या. दूर राहणाऱ्याला घरबसल्या विद्या द्यावयाची, ती हीच कल्पना! परंतु त्या पेटीचे जाण्या-येण्याचे भाडे खाते भरीत असे, वाचक नव्हे. आपल्याकडील मुक्त विद्यापीठेही, १९८५ चे इंदिरा गांधी विद्यापीठ असो की १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ असो, छापील पुस्तके धाडून आणि गावोगाव अभ्यासकेंद्रे नेमूनच चालली. दुरून शिकवणे ही जुनी आणि पक्की विद्या आहे. टाळेबंदीत पेटी पाठवली गेली, भाडे मात्र मुलांवर पडले.

एवढ्या घाईत दुसरे काय करता आले असते, असे कोणी म्हणेल, आणि २०२० पुरते ते खरेही आहे. पण पुढे ११ जानेवारी २०२१ रोजी शेवटच्या वर्षाचे आणि ८ फेब्रुवारीला पहिल्या वर्षाचे वर्ग भरले, दुसऱ्या लाटेने पुन्हा मिटले, आणि १५ जुलैला निम्म्या उपस्थितीत उघडले, तेव्हाही भाड्याचा विचार कोठे झालेला दिसला नाही. त्या जुलैत मी वर्गात गेलो आणि पुष्कळ महिन्यांनी पटावरची नावे चेहऱ्यांना पाहून पुकारली. कुजबुजत हजेरी देणारी मुलगी पहिल्या बाकावर होती. तिचा आवाज चांगला खणखणीत निघाला. शहाद्याचा मुलगा परतला होता. साड्यांची गोष्ट सांगणारा मात्र आला नाही. वडिलांची पाळी कमी झाली म्हणून तो त्याच गिरणीत लागला होता. फोन केला तर म्हणाला, “सर, रात्रीचा वर्ग असेल तर सांगा.”

आता साथ सरली आहे, तरी हे प्रकरण सरलेले नाही. अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, असा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच पुढे मांडला, आणि तो वाईट आहे असे मला वाटत नाही. चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान पलसाण्यातल्या मुलाला घरी ऐकता आले तर त्यात आनंदच आहे. फक्त अशी योजना कोणी पुढे आणली, की आपण जुन्या बडोदेकरांनी एक प्रश्न जरूर विचारावा: पेटीचे भाडे कोण भरणार? त्या मुलाला मी रात्रीचा वर्ग आहे असे सांगितले. आठवड्यातून दोन दिवस, साडेनवाला, तो बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर होईपर्यंत तो चालला.